गोंडी भाषेचे संगणकीकरण : हैदराबादच्या विद्यापीठांचे कार्य

आदिवासी भाषा संगणकावर आणण्याच्या कार्यात हैदराबादमधील उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. गोंडी भाषा हे त्याचे ठळक उदाहरण. २०११च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक लोकांची ही मातृभाषा. मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. गोंडी बोलणारे लोक तेलंगण, महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा अनेक राज्यांत विखुरलेले असल्याने महाराष्ट्रात ती बहुधा देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते.

गुंजाला लिपी

आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गोंड वस्तीच्या गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील सुमारे डझनभर हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांना मिळाली. प्रा. जयधीर तिरुमल राव हे या संशोधकांचे प्रमुख होते. ही लिपी वाचू शकणाऱ्या गावातील मोजक्या वडीलधाऱ्यांच्या साहाय्याविना हस्तलिखितांचा अर्थ लागणे कठीण होते. पुढे जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ या नावाने या लिपीला स्थान मिळाले. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली ‘मसराम गोंडी’ लिपी त्याआधी एक वर्ष, म्हणजे २०१७ मध्ये, युनिकोडमध्ये आली होती.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळतो. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला मजकूर, योग्य टंक असल्यास, दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उमटतो. गुंजाला लिपीतील व्यंजनमाला ‘क’ऐवजी ‘य’पासून सुरू होते आणि युनिकोडने तोच क्रम कायम राखला. समाजाची परंपरा तांत्रिक मानकात टिकून राहिली, हे या प्रक्रियेचे विशेष होय.

‘आदि वाणी’

लिपीनंतरचा टप्पा भाषांतराचा. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित भाषांतर सेवेची चाचणी आवृत्ती सुरू केली. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखालील या उपक्रमात बिट्स पिलानी, ट्रिपल आयटी हैदराबाद व ट्रिपल आयटी नवा रायपूर या संस्था आणि विविध राज्यांतील आदिवासी संशोधन संस्था सहभागी आहेत. संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या पहिल्या चार भाषा होत.

अशा सेवेसाठी एकाच आशयाच्या दोन भाषांतील वाक्यांच्या असंख्य जोड्या लागतात. मौखिक परंपरेच्या भाषेत असा मजकूर आयता उपलब्ध नसतो. तो भाषकांकडून मिळवावा लागतो आणि भाषांतराची पारखही त्यांनीच करावी लागते. पहिल्या टप्प्यातील गोंडी छत्तीसगडची आहे. आदिलाबाद किंवा गडचिरोलीच्या बोलीत शब्द व उच्चार बदलतात. औषधाची मात्रा किंवा सरकारी योजनेची अट सांगताना चुकलेला एक शब्दही महागात पडू शकतो. म्हणूनच प्रत्येक भागातील भाषकांचा सहभाग अनिवार्य ठरतो.

मुलुगूचे विद्यापीठ

तेलंगणातील मुलुगू येथील सम्मक्का सारक्का केंद्रीय आदिवासी विद्यापीठाची स्थापना २०२३च्या केंद्रीय कायद्याने झाली. हैदराबाद विद्यापीठ हे त्याचे मार्गदर्शक विद्यापीठ असून, २०२४-२५ मध्ये इंग्रजी व अर्थशास्त्र या पदवी अभ्यासक्रमांनी तेथील अध्यापनास प्रारंभ झाला. आजवर आदिवासी समाजाकडून भाषेची सामग्री घेतली जाई आणि तांत्रिक काम महानगरांत होई. आपली भाषा जाणणारे विद्यार्थीच पुढे संगणकशास्त्र शिकले, तर ही विभागणी पुसली जाईल. गोळा झालेल्या ध्वनिमुद्रणांवर हक्क कोणाचा आणि त्यांचा वापर कशासाठी, हे ठरवण्यातही समाजाला अधिकाराने बोलता येईल.

गोव्यासाठी बोध

गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण १०.२३ टक्के आहे. या समाजांची गीते, शेतीचे शब्द आणि औषधी वनस्पतींची नावे कोकणीच्या स्थानिक रूपांत जपली गेली आहेत. केपे, सांगे व काणकोण तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या वाड्यांवरील जाणत्यांकडून हा ठेवा ध्वनिमुद्रित करू शकतात, आणि राज्यातील तंत्रशिक्षण संस्था त्याला संगणकीय रूप देऊ शकतात. गुंजालातही काही मोजक्या वृद्धांनीच लिपी जपली होती. जाणती पिढी हयात असेपर्यंतच अशा कामाला खरा अवकाश असतो.