‘सर्कम्स्पेक्ट’ म्हणजे घाबरट नव्हे

माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मसुद्यावर गाइडने समासात लिहिलं होतं : निष्कर्ष काढताना ‘सर्कम्स्पेक्ट’ राहा. मी शब्दकोश उघडला, ‘सावध’ असा अर्थ सापडला आणि वाक्यावाक्यात ‘कदाचित’ पेरत सुटले. मसुदा लाल होऊन परत आला. कारण आता थर्मामीटरवर स्वतः वाचलेलं तापमानही ‘कदाचित’ ३०० केल्विन झालं होतं!

तुमचंही असं होत असेल, तर या शब्दाचा इतिहास जरा बघा. लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. ‘इन्स्पेक्ट’, ‘स्पेक्ट्रम’ हे याच घरातले शब्द. संस्कृतातलं ‘पश्यति’ही त्यांच्या लांबच्या नात्यातलं. म्हणजे मुळात यात भीती नाहीच, चौफेर नजर आहे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणाऱ्याला इंग्रजीत ‘वेअरी’ म्हणता येईल. ‘सर्कम्स्पेक्ट’ माणूस आधी भांड्यात दूध आहे की ताक, ते पाहतो.

हे विशेषण संशोधकाला कसं लागू पडतं, ते रॉबर्ट बॉइलकडे पाहून कळतं. (हो, तोच, अकरावीच्या रसायनशास्त्रातल्या नियमाचा.) १६६० मध्ये त्याने हवेच्या पंपावरचे ४३ प्रयोग छापले. त्यातल्या एकतिसाव्यात दोन गुळगुळीत संगमरवरी चकत्या एकमेकींना चिकटवून पंपाच्या काचपात्रात टांगल्या होत्या. बाहेरच्या हवेच्या दाबाने त्या चिकटत असतील, तर हवा काढल्यावर खालची पडायला हवी. ती पडली नाही.

आपण काय केलं असतं? बहुतेक प्रयोगच गाळला असता. बॉइलने तो छापला. चकती पडली नाही, हे सरळ सांगितलं. तिथे ‘कदाचित’ नाही. पण का पडली नाही, तिथे तो जपून बोलतो : पंप गळतो, आत थोडी हवा उरली असावी. पुढच्याच वर्षी, १६६१ च्या एका निबंधात, आपण ‘कदाचित’, ‘असं दिसतं’ असे शब्द इतके का वापरतो याचा त्याने खुलासाच केला. घडलेली गोष्ट ठामपणे सांगायची आणि कारणाबद्दल मत देताना चुकण्याला जागा ठेवायची, असा त्याचा हिशेब होता. त्याच पुस्तकात फसलेल्या प्रयोगांवर त्याचे दोन स्वतंत्र निबंध आहेत. मला विचाराल तर पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी तेच आधी वाचावेत.

चकत्यांचं पुढे काय झालं? सुधारलेला पंप वापरून १६६९ च्या पुस्तकात त्याने त्या वेगळ्या झाल्याचं नोंदवलं.

माझ्या मसुद्यात शेवटी एकच ‘कदाचित’ उरला, कारण सांगणाऱ्या वाक्यात. तापमान पुन्हा ३०० केल्विन लिहिलं, कमी-जास्त २.