सूक्ष्म तारेचा स्वर

तंबोरा जुळवितांना गवई खुंटी पिळतो, तार ताणली जाते आणि स्वर चढतो. ताण चौपट झाला कीं कंपनसंख्या दुप्पट होते, हा नियम मेर्सेन या फ्रेंच संन्याशानें १६३६ च्या सुमाराच्या आपल्या संगीतग्रंथांत मांडला. त्यानंतर साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २००४ सालीं, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत अशी एक तार जुळविण्यांत आली कीं, तिची जाडी अवघी एक ते चार नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या घरांतली होती, आणि तिची खुंटी विजेची होती. ही तार म्हणजे कार्बन-नलिका. ग्राफाइटचा एक अणु जाडीचा पापुद्रा गुंडाळून व्हावी तशी सुरळी. तिच्या कंपनांचा इतिहास पदार्थविज्ञानाच्या वर्गाबाहेरील वाचकांसही सांगण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें. कारण ज्ञान कशास म्हणावें, या जुन्या प्रश्नावर तो चांगला प्रकाश टाकतो.

या नलिकेचा शोध कोणाचा, असें विचारलें असतां सामान्यतः एकच नांव सांगितलें जातें : जपानचे सुमिओ इजिमा, साल १९९१. परंतु सोव्हिएट रशियांतील रादुश्केविच व लुक्यानोविच यांनीं पोकळ कार्बनतंतूंचीं छायाचित्रें १९५२ सालींच छापलीं होतीं. १९७६ सालीं ओबर्लिन, एंडो व कोयामा यांनींही तसे तंतु दाखविले होते. पुढें २००६ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनीं सतराव्या शतकांतील एका दमास्कस तलवारीच्या पोलादांत अशा नलिका आढळल्याचें प्रसिद्ध केलें. या जातीच्या तलवारींना लागणारें वूट्झ पोलाद हिंदुस्थानांतून जात असे. तेव्हां ‘हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें’ असें म्हणण्याचा मोह आपणांस व्हावा, यांत नवल नाहीं. त्या लोहारांचें कौशल्य अस्सल होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण भट्टींत नलिका उत्पन्न होणें ही एक गोष्ट, आणि तिचा स्वभाव जाणणें ही दुसरी. आपण विचारलेल्या प्रश्नास वस्तु जोंवर उत्तर देत नाहीं, तोंवर ती हातीं असूनही मुकीच राहते. नलिकेस वाचा फुटली ती तिच्या कंपनांमुळें.

आरंभ एका उपद्रवापासून झाला. एका टोंकाशीं घट्ट बसलेल्या नलिकेचें दुसरें, मोकळें टोंक इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकांत अंधुक दिसे. एखाद्यानें असें चित्र बिघडलें म्हणून टाकून दिलें असतें. ट्रेसी, एबेसन व गिब्सन यांनीं तें टाकलें नाहीं. हा अंधुकपणा यंत्राचा दोष नसून उष्णतेनें थरथरणाऱ्या टोंकाचा माग आहे, हें त्यांनीं ओळखलें. नलिका जसजशी तापवावी तसतशी थरथर वाढे. तिच्या विस्तारावरून त्यांनीं १९९६ सालीं नलिकेचा ताठपणा काढला. सरासरी सुमारें १.८ टेरापास्कल आली, पण निरनिराळ्या नलिकांच्या आंकड्यांत तफावत फार होती. पुढें एक टेरापास्कलच्या आसपासचा आंकडा बहुतेकांनीं मान्य केला. पोलादाच्या ताठपणाच्या तो सुमारें पांचपट आहे.

१९९९ सालीं अटलांटा येथें पाँशराल, द हीर प्रभृतींनीं उलटसुलट बदलणारा विद्युद्दाब लावून नलिका हेतुपुरस्सर डोलविल्या, आणि जाड नलिका वांकण्यास बारीक नलिकांइतका विरोध करीत नाहींत असें दाखविलें. त्यानंतर कॉर्नेलचा प्रयोग आला. साझोनोव्हा, मॅक्यूएन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही टोंकें पक्कीं केलेली नलिका एका खांचेवर टांगली. खालच्या वाहकाचा विद्युद्दाब वाढविला कीं नलिका त्याकडे ओढली जाई, ताण वाढे आणि स्वर चढे. सेकंदास तीस लक्षांपासून वीस कोटींपर्यंत कंपनें त्यांनीं मोजलीं. पण इतका सूक्ष्म स्वर ऐकावयाचा कसा? नलिका हलली कीं खालच्या वाहकापासूनचें तिचें अंतर बदले, त्यामुळें तिच्यावरील विद्युद्भार बदले, आणि त्याबरोबर तिची वाहकताही बदले. म्हणजे तार तीच आणि कानही तोच! यंत्रशास्त्र व विद्युच्छास्त्र हीं आम्ही वर्गांत दोन प्रकरणें म्हणून शिकवितों. येथें तीं वेगळीं करतां येत नाहींत.

ही एकरूपता सुखाचीच होती असें नाहीं. २००९ सालीं डेल्फ्ट व बार्सिलोना येथील संशोधकांस आढळून आलें कीं, अत्यंत थंड नलिकेंतून इलेक्ट्रॉन एकेक करून जाऊं लागले म्हणजे तिचा स्वर उतरतो आणि नादही लवकर विरतो. ऐकण्याचें जें साधन, तेंच गाणें बिघडवूं लागलें! परंतु या बिघाडांतूनच एकेका इलेक्ट्रॉनचा तारेवर होणारा परिणाम मोजतां आला. दुसरा उपद्रव नलिकेस चिकटणाऱ्या भटक्या अणूंचा. त्यांच्या भारानें स्वर उतरे. त्याचाच तराजू करून बार्सिलोनाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं १.७ योक्टोग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ एका प्रोटॉनच्या वजनाइतकी, सूक्ष्मता गांठली.

अंधुक चित्र, विरणारा नाद, उतरलेला स्वर : या तीनही गोष्टी प्रथमदर्शनीं दोषच होत्या. ज्यांनीं त्यांस दोष मानून पुसून टाकलें नाहीं, त्यांसच नलिका बोलली. प्रयोगशाळेंत अपेक्षित उत्तराशीं न जुळणारा आंकडा रबरानें खोडून शेजाऱ्याचा आंकडा वहींत उतरविणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आणि खरें सांगावयाचें तर, तसें करण्याची शिकवण त्यांस आमच्या गुणदानपद्धतीनेंच दिली आहे. पूर्वजांच्या तलवारीचा अभिमान बाळगावा. पण पुढील पिढीस कांहीं द्यावयाचें असेल, तर तो न जुळणारा आंकडा वहींत तसाच राहूं द्यावा, आणि त्याबद्दल गुण कापूं नयेत.