विज्जडविडाचा शोध

शके 1036 (इ. स. 1114) मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपल्या कुळाचे गाव विज्जडविड असे सांगितले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाला वसल्याची खूणही दिली आहे. या नावाचे गाव आज नकाशावर सापडत नाही. नावाच्या सारखेपणावरून कोणी विजापूर पुढे केले, कोणी बीड. पण दोन्ही शहरे सह्याद्रीपासून दूर आहेत. ग्रंथकाराने स्वतः दिलेली खूण सोडून केवळ उच्चाराच्या मागे जाणे योग्य नव्हे.

शोधाला भक्कम आधार मिळाला तो खानदेशात. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटणे येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 1207 सालच्या या लेखात पूर्वज त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव यांच्यापर्यंतची वंशावळ आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी असलेल्या चंगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ काढला. निकुंभ वंशातील सोइदेवाने या मठाला दान दिले. दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, म्हणून भाषेच्या इतिहासातही हा लेख मोलाचा.

चाळीसगाव तालुक्यातल्याच बहाळ येथील 1222 सालचा लेख या घराण्यातील अनंतदेवाचा आहे. दोन्ही लेख जन्मगावाचे नाव सांगत नाहीत. मात्र घराण्याचा वावर याच परिसरात होता, हे त्यांतून स्पष्ट होते. त्यामुळे विज्जडविड पाटण्याच्या आसपास असावे, हे मत अधिक सयुक्तिक ठरते.