चाके आणि पाय

इ. स. १८४१ साली लिव्हरपूलच्या कृषिप्रदर्शनात इप्स्विचच्या रॅन्सम कारखान्याने चाकांवरील वाफेचे यंत्र मांडले. घोडे जुंपून असली यंत्रे शेतोशेत न्यावयाची. पण मळणी चालू असता यंत्र हलले, तर पट्टा निसटे. म्हणून ते समतल उभे करून चाकांखाली पाचरी ठोकाव्या लागत. तीच गाडी, तोच खुंटा!

पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. आज तसली सीएनसी यंत्रे हौशी कारागिरांच्या घरीही असतात, आणि अडचण तीच आहे. जड मेज झटक्याने मागे फिरते, त्याचाच हिसका यंत्रास बसतो. नुसती चाके अडकवून भागत नाही. रबर दबते, यंत्र डुलते, कामावर लाटा उमटतात. यास्तव मळसूत्री पाय खाली उतरवून चाके जमिनीपासून पार सुटू द्यावीत.