डाहलेमची जुळी आणि पुण्याच्या इरावती कर्वे

१९२८ साली इरावती कर्वे बर्लिनला निघाल्या. ब्रह्मदेशात जन्मलेली, रँग्लर परांजप्यांच्या घरी पुण्यात वाढलेली, महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही सून. सासऱ्यांना हे परदेशगमन मान्य नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या पुरुषाने सुनेच्या शिक्षणाला विरोध करावा, हे आजही बुचकळ्यात टाकते. पती दिनकर मात्र ठामपणे पाठीशी राहिले.

डाहलेम या बर्लिनच्या उपनगरात वर्षभरापूर्वीच एक संस्था उभी राहिली होती : कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी अनुवंश व सुप्रजननशास्त्र संस्था. संचालक ऑयगेन फिशर. माणूस जसा असतो तसा तो रक्ताने होतो की संगोपनाने, हा तिथला मूळ प्रश्न. आणि उत्तर बहुधा आधीच ठरलेले.

त्याच इमारतीत ओटमार फॉन फर्शुअर जुळ्यांचा अभ्यास करीत होते. जुळीच का? १८७५ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी जुळ्यांच्या आधारे निसर्ग आणि संगोपन यांचे बळ तोलण्याचा प्रयत्न केला होता. पण एकाच बीजांडापासून झालेली जुळी आणि दोन बीजांडांची जुळी यांचा भेद त्यांच्या हिशेबात नीट नव्हता. १९२४ मध्ये हेर्मान सीमेन्स या जर्मन वैद्याने तो हिशेब मांडला. एकबीज जुळ्यांचा अनुवंश जवळजवळ तंतोतंत सारखा. द्विबीज जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली सामान्य भावंडे. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तेव्हा एखाद्या गुणात एकबीज जुळ्यांचे साम्य द्विबीजांपेक्षा अधिक भरले, तर त्या अधिकाचे श्रेय अनुवंशाला. युक्ती साधी आणि अजूनही वापरातली.

इरावतींच्या वाट्याला मात्र जुळी नव्हे, कवट्या आल्या. फिशर यांचे अनुमान असे, की गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा तर्कबुद्धीशी जोडलेला भाग अधिक वाढलेला असतो, म्हणून त्यांची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना अधिक असमान भरते. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली. वंशाशी तिचा संबंध कुठेच जुळेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाचे अनुमान त्याच्याच संस्थेत खोडून काढले! पदवी मिळाली, श्रेणी मात्र अगदी खालची.

पुढचा इतिहास काळाकुट्ट आहे. १९३६-३७ मध्ये संस्थेतील मानसशास्त्रज्ञ कुर्ट गॉटशाल्ट यांनी नॉर्डनाय बेटावर जुळ्या मुलांची शिबिरे भरवून त्यांच्या स्वभावाची निरीक्षणे नोंदली. १९४२ मध्ये फर्शुअर संचालक झाले. त्यांचा एकेकाळचा सहायक योझेफ मेंगेले १९४३ मध्ये आउश्वित्झला पोहोचला, आणि तिथल्या जुळ्या मुलांवर त्याने जे केले त्याला संशोधन म्हणणे हा शब्दाचाच अपमान होय. बळींच्या शरीरांचे नमुने डाहलेमला येत होते. युद्धानंतर फर्शुअर किरकोळ दंडावर सुटले आणि १९५१ मध्ये म्युन्स्टर येथे पुन्हा प्राध्यापक झाले.

मग जुळ्यांचा अभ्यासच टाकून द्यावा काय? विज्ञानाने तसे केले नाही. १९७९ पासून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी अगदी लहानपणीच ताटातूट झालेली जुळी शोधून तपासली. २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांवरील अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा मानवी गुणांतील फरकांपैकी सरासरी ४९ टक्के वाटा अनुवंशाचा निघाला. व्यक्तिमत्त्वाचा आकडा याच्या आसपासच असतो.

या आकड्याचा अर्थ लावतानाच घोटाळा होतो. नागपुरी संत्रे घ्या. एकाच झाडाचे डोळे जंबेरी खुंटावर भरले, की ती कलमे अनुवंशाने जुळीच. त्यांतले एक काटोलच्या निचऱ्याच्या जमिनीत आणि दुसरे कोराडीकडच्या एखाद्या पाणथळ शेतात लावले, तर फळांतला फरक सगळा मातीचा. उलट एकाच बागेत, एकाच पाण्यावर निरनिराळ्या जातींची झाडे वाढवली, तर फरक मुख्यतः अनुवंशाचा. पण त्या बागेतून काढलेला आकडा दोन बागांमधल्या फरकाविषयी काहीच सांगत नाही. ४९ टक्के हाही असाच एका समूहाच्या आतला हिशेब. तो उचलून एका समाजाला दुसऱ्याच्या वर बसवणे, हीच डाहलेमची चूक होती.

इरावती १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. विशेष म्हणजे डोकी, नाके मोजण्याचे काम त्यांनी पुढेही वर्षानुवर्षे केले. मोजमापावरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता. ‘युगान्त’मध्ये क्षत्रियाच्या पोटी जन्मून सूताच्या घरी वाढलेल्या कर्णावर त्यांनी जे प्रकरण लिहिले, त्याचे नाव ‘मी कोण?’

डाहलेमच्या त्या इमारतीत आज राज्यशास्त्र शिकवले जाते. २०१४ साली त्या परिसरात खोदकाम करताना मानवी अस्थी सापडल्या. पुढच्या उत्खननांत हजारो तुकडे निघाले. ते कोणाचे, हे ठरवण्यासाठी त्यांची आणखी चिकित्सा करायची नाही, असा निर्णय झाला. २०२३ मध्ये ते तिथल्याच दफनभूमीत पुरण्यात आले.