आपत्ती व कुटुंबांचे मानसिक पुनर्वसन

पूर, भूकंप, दरड कोसळणे, आग, साथ इ. आपत्तींना तोंड देण्यासाठी कुटुंबाने आधीपासून करावयाची तयारी आणि आपत्तीनंतर भय, शोक व असहायता ओसरून त्याचे जीवन पुन्हा सुरळीत व्हावे म्हणून द्यावयाचे साहाय्य, असा या विषयाचा दुहेरी आशय आहे. अन्न, वस्त्र, निवारा व नुकसानभरपाई हे मदतकार्याचे परंपरागत विषय होत. मनाला बसलेल्या आघाताचा विचार मात्र पुष्कळ उशिरा सुरू झाला. महाराष्ट्रातील गेल्या सहा दशकांचा अनुभव पाहता असे दिसते, की कुटुंब एकटे सावरत नाही. शेजार, कामधंदा व शोकविधी यांचे धागे टिकले तरच ते सावरते.

पूर्वपीठिका : अमेरिकेत बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या रात्रमंडळास २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतून वाचलेले व मृतांचे नातलग यांचा अभ्यास करून मनोविकारतज्ञ एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे व त्याचा क्रम यांचे विवेचन केले. आपत्तीनंतरच्या मानसिक साहाय्याचा शास्त्रीय विचार येथून सुरू झाला, असे मानतात. पुढे १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या खाणीचा बांध फुटून १२५ लोक दगावले. वाचलेल्यांना पूर्वीच्या शेजाराचा विचार न करता छावण्यांत विखरून ठेवण्यात आले. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी दाखवून दिले, की तेथील लोकांना जलप्रलयाइतकाच समाज हरपल्याचा आघात झाला होता. १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकारास अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले.

पानशेतचा पूर : आंबी नदीवरील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. ते पाणी खडकवासला धरणात शिरून तेही फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्याच्या नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार इ. पेठांतील नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पूर दिवसा आल्यामुळे पुष्कळांना जीव वाचविता आला; तथापि हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाची सूत्रे सोपविण्यात आली. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर इ. वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. काही ठिकाणी अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या निसेन झोपड्यांत लोकांनी वर्षे काढली. मानसिक साहाय्याची स्वतंत्र योजना त्या वेळी नव्हती. ते कार्य आप्तेष्ट, शेजारी, तालीम व गणेशोत्सव मंडळे आणि शाळा यांनी नकळत केले. त्याचबरोबर ‘पूरग्रस्त’ ही ओळख अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिली. वसाहतींतील जागांच्या मालकीहक्काचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. दीर्घकाळची अनिश्चितता हाही एक आघातच असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देण्यात आले. भारतात आपत्तिग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा संघटित विचार होण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय.

किल्लारीचा भूकंप : महाराष्ट्रात या प्रश्नाचे गांभीर्य खऱ्या अर्थाने प्रकट झाले ते ३० सप्टेंबर १९९३ रोजी. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती व त्यांवरील मातीच्या जड माळवदांखाली सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के बसले होते. परंतु अशा घरात धक्का जाणवल्यास काय करावे, याचे ज्ञान कुटुंबांपर्यंत पोहोचले नव्हते. मृतांची संख्या मोठी असल्याने व पाऊस सुरू झाल्याने सामुदायिक अग्निसंस्कार करावे लागले. त्यामुळे अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन झाले नाही. असा अपुरा राहिलेला शोक पुढे दीर्घकाळ सलत राहतो, हे अभ्यासकांचे मत येथे महत्त्वाचे ठरते.

भूकंपानंतर महिनाभराने केलेल्या एका लहान पाहणीत निम्म्याहून अधिक व्यक्तींत मानसिक विकाराची लक्षणे आढळली. त्यांत नैराश्य व आघातोत्तर ताणविकार प्रमुख होते. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे साहाय्य होते.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली. ती भूकंपरोधक होती. परंतु सरळ रुंद रस्ते व सुटी घरे यांमुळे गल्ली, वाडा व ओसरी यांभोवती गुंफलेले जुने जीवन विस्कटले. जातीपातींच्या व भावकीच्या जुन्या रचनेतील अन्यायही त्या गल्ल्यांत होता, हे खरे. तथापि सांजवेळी शेजारणीने दारात येऊन बसण्याची सोयही तेथेच होती. उलटपक्षी जी गावे न हलविता दुरुस्त करावयाची होती, तेथे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घर कसे मजबूत करावे, हे त्या शिकल्या व इतरांना समजावून सांगू लागल्या. ज्या घराने माणसे गाडली त्या घराची भीती त्याच्या बांधणीचे ज्ञान मिळाल्याने कमी होते आणि कामात सहभागी झालेले कुटुंब असहाय राहत नाही, हा या प्रयोगाचा बोध होय.

मुलांचे पुनर्वसन : भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. मुळा-मुठेच्या काठावरील मांजरीच्या शेजारी असलेल्या वाघोली येथे या कार्याचे शैक्षणिक केंद्र उभे राहिले. पुढे अन्य आपत्तिग्रस्त भागांतील तसेच आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही तेथे आश्रय मिळाला. मुलास आप्तांपासून दूर न्यावे काय, हा प्रश्न अशा कार्यात नेहमीच बिकट असतो. सामान्यतः नात्यातील सुरक्षित घर प्रथम पसंत करावे. ते शक्य नसेल तेव्हा भावंडे व एका गावची मुले एकत्र ठेवावीत आणि गावाशी संबंध राखावा, असे मानले जाते.

अलीकडील वाटचाल : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. वाचलेल्या कुटुंबांचे जवळच आमडे येथे एकत्रितपणे पुनर्वसन करण्यात आले. याउलट करोना साथीत (२०२०–२१) अंत्यविधी व सांत्वनाच्या भेटी या दोहोंवर बंधने आल्याने शोक घरातच कोंडला. मांजरी येथेच २१ जानेवारी २०२१ रोजी लसनिर्मिती कारखान्याच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीस आग लागून पाच कामगार मरण पावले. त्यांपैकी काही परप्रांतीय होते. अशा मृत्यूत दूरच्या गावी असलेल्या कुटुंबाला वार्ता कोणी व कशी द्यावी, हाही मानसिक साहाय्याचाच भाग ठरतो.

पूर्वतयारी व साहाय्याची तत्त्वे : घराबाहेर पडण्याचा मार्ग व सर्वांनी जमावयाचे ठिकाण ठरविणे, वृद्ध, अपंग व तान्ही मुले यांची जबाबदारी वाटून देणे, महत्त्वाची कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवणे आणि परगावच्या एका आप्ताचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना पाठ असणे, ही कुटुंबाची मूलभूत तयारी होय. मुलांना वयानुसार खरी माहिती द्यावी. लपविलेल्या गोष्टीने त्यांचे भय वाढते. आपत्तीनंतर बघणे, ऐकणे व योग्य साहाय्याशी जोडून देणे ही मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत सांगितली आहेत. घडलेला प्रसंग सांगण्याची सक्ती कोणावर करू नये. बहुतेकांची झोपमोड, दचकणे व रडू येणे काही आठवड्यांत कमी होते. ते टिकल्यास किंवा आत्महत्येचे विचार आल्यास तज्ञांचा सल्ला तातडीने घ्यावा. त्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे.

पानशेतच्या वेळी जे शेजाऱ्यांनी सहजवृत्तीने केले, ते किल्लारीनंतर शास्त्राचा विषय झाले व पुढे शासकीय धोरणात समाविष्ट झाले. शास्त्राने शेजाराची जागा घ्यावयाची नसून तो मोडू न देता त्यास बळ द्यावयाचे आहे, हे या इतिहासाचे सार होय.