पेल्यातलं पाणी, तळ्यातलं पाणी

आळेफाट्यावरनं बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत रस्ता नगरला जातो. त्या नगरात १८३१ साली अमेरिकन मिशन आलं. पुढं जिल्ह्यातल्या गावागावांत महार-मांगांनी येशूचं नाव घेतलं. पोरं शिकली, काही मास्तर झाली. गावानं मात्र धर्म बघितला नाही, जातच बघितली.

हे उगाळायचं कारण पाकिस्तान. तिथल्या ख्रिस्त्यांच्या छळाच्या बातम्या 'मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती' एवढ्याच हिशेबात मांडल्या जातात. दोस्तांनो, तो ख्रिस्ती मूळचा कोण, हे आधी विचारा.

१८७३ साली सियालकोटला दित्त नावाच्या माणसानं बाप्तिस्मा घेतला. पायानं लंगडा, धंदा कातड्यांचा, जात चुहडा. म्हणजे घाण उचलणारी, मेलेलं ढोर ओढणारी. त्याच्यामागनं चुहडे हजारोंनी ख्रिस्ती झाले. १९४७ ला फाळणी झाली. शीख-हिंदू जमीनदार निघून गेले, जमिनी इकडून गेलेल्या निर्वासितांना मिळाल्या आणि त्यांवर राबणारे कितीतरी ख्रिस्ती मजूर उघडे पडले. ते शहरात आले, हातात झाडू आला. पुढं सफाईच्या भरतीच्या सरकारी जाहिरातींत 'फक्त बिगरमुसलमानांसाठी' असं उघड छापून यायचं. 'चुहडा' ही शिवी तिथं ख्रिस्त्यालाच बसते.

जून २००९. पंजाबातलं इट्टांवाली गाव. फालसं तोडताना आसिया बीबी या मजूर बाईनं पाणी आणलं. सोबतच्या बायका म्हणाल्या, ख्रिस्ती बाईच्या हातचं पाणी आम्ही पिणार नाही. भांडण पेटलं. त्यातनं पैगंबरांच्या निंदेचा आरोप, २०१० ला फाशीची शिक्षा. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. मधल्या काळात, २०११ ला, तिची बाजू घेणारे गव्हर्नर सलमान तासीर आणि ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी गोळ्या घालून मारले गेले. तासीर मुसलमान होते, हेही ध्यानात ठेवा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला ओंजळीनं पाणी प्याले. चवदार तळ्याचं ते पाणी मुसलमानाला चालत होतं, ख्रिस्त्याला चालत होतं. बंदी फक्त आपल्याला. इट्टांवालीत आपल्या जागी ख्रिस्ती बाई उभी होती. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस विटाळ कुठून शिकला? मला तरी वाटतं, तो याच मातीतनं शिकला.

आता घरचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीत धरला नाही. शीख १९५६ ला आत आले. आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती महार-मांग आजही बाहेर. मद्रासच्या फुटपाथवरचा चांभार सुसाई सुप्रीम कोर्टात गेला होता. सरकारनं हिंदू चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, हा ख्रिस्ती म्हणून याला नाही. १९८५ ला कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तसाच जाच राहतो याचा पुरेसा पुरावा नाही. पुरावा! २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अट तशीच आहे.

आमच्या साचेखात्यातली काही बौद्ध पोरं म्हणतात, ते आत आले तर आपला वाटा घटंल. १९८९ साली दिल्लीच्या यादीत आपला बाप कुठं होता, ते त्यांनी घरी जाऊन विचारावं.